कमान पुन्हा तुटली

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर खोलून टेबलावर मांडलं की पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, ‘एवढंच?’ खरंच एवढंच असतं. घोडा, चाप, सिलिंडर फिरवणारा एक छोटा भाग, ज्याला इथे सगळे हँड म्हणतात, सिलिंडर जागेवर अडवून धरणारा बोल्ट, आणि या सगळ्यांना रेटत राहणाऱ्या तीन पट्टीच्या कमानी. १८७३ साली अमेरिकी सैन्याने कोल्ट कंपनीचं हे रिव्हॉल्वर स्वीकारलं तेव्हा आत हेच होतं, आणि आज इटलीत तयार होऊन येणाऱ्या नकलांमध्येही थोड्याफार फरकाने हेच असतं. दीडशे वर्षांत तुटायच्या जागासुद्धा बदललेल्या नाहीत. हँडची कमान, बोल्टची कमान आणि बोल्टचा एक पाय. कुणाचा फोन आला आणि ‘परत तुटलं’ एवढं कानावर पडलं, की मी मनातल्या मनात या तिघांपैकी एकाचं नाव घेतो. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.

मी मूळचा साताऱ्याचा. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये प्रेस टूल बनवत उमेदवारी केली, आणि पुढे फिनिक्सला विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उरलेली नोकरी झाली. भारतात असताना रिव्हॉल्वर म्हणजे फौजदाराच्या कमरेला दिसणारी चामड्याची पिशवी, एवढाच माझा संबंध. इथे ग्रीन कार्ड आल्यानंतर शेजारच्या लेथवरचा एक सहकारी मला रविवारी वाळवंटात घेऊन गेला. तिथे पिकलेल्या दाढ्यांचे पुरुष आणि लांब झग्यातल्या बायका, सगळे एकोणिसाव्या शतकातल्या पोशाखात, लोखंडी पाट्यांवर नेम धरत होते. एकाच्या रिव्हॉल्वरमध्ये काहीतरी अडकलं होतं. मी ते उघडलेलं पाहिलं, आणि नेमबाजीपेक्षा मला आतल्या कारागिरीचीच गोडी लागली. आजही मी नेमबाज म्हणून यथातथाच आहे.

या खेळाला काउबॉय ॲक्शन शूटिंग म्हणतात. तो १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजला, आणि त्याची राष्ट्रीय स्पर्धा फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंजवर भरते. दोन रिव्हॉल्वर, प्रत्येकात पाच काडतुसं, एक रायफल, एक शॉटगन, आणि सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा टायमर. पाटी चुकली तर वेळेत पाच सेकंद वाढतात, आणि रिव्हॉल्वर मध्येच बंद पडून गोळ्या आत राहिल्या तर तितक्या पाट्या चुकल्या असं धरतात. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं असतं. मी ‘सातारा किड’ घेतलं. सातारा हे मेक्सिकोतलं गाव असावं अशी बऱ्याच जणांची समजूत आहे, आणि ती दूर करायची मला घाई नाही.

दुरुस्तीचे मी पैसे घेत नाही. धंदा म्हणून हे काम करायचं तर फेडरल लायसन्स लागतं, नोंदवह्या लागतात, आणि निवृत्तीनंतर मला पुन्हा कारखाना उघडायचा नव्हता. माझा नियम असा, की ज्याचं रिव्हॉल्वर त्याने माझ्या गॅरेजमध्ये शेजारी बसायचं, काडतुसं घरी ठेवून यायचं, आणि काम झालं किंवा नाही झालं तरी जाताना आपली वस्तू आपल्याबरोबर न्यायची. या नियमाचा एक फायदा सुरुवातीला माझ्या ध्यानात आला नव्हता. माणूस समोर तासभर बसला की बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात बहुतेक वेळा तुटण्याचं कारण असतं.

एक निवृत्त शाळामास्तर आले होते. त्यांच्या रिव्हॉल्वरची हँडची कमान दर हंगामात तुटायची. हँड म्हणजे घोड्याला जोडलेला एक उभा दांडा. घोडा मागे ओढला की तो वर सरकतो आणि जत्रेतला पाळणेवाला एकेक पाळणा हाताने पुढे ढकलतो तसा सिलिंडर एकेक घर पुढे ढकलतो. त्याच्या पाठीला एक बारीक पोलादी पट्टी बसवलेली असते. ती हँडला पुढे रेटून सिलिंडरच्या दात्यांवर धरते. पट्टी तुटली की हँड मागे पडतो आणि सिलिंडर फिरत नाही. मास्तरांनी कंपनी बदलून पाहिली, महागातली कमान घेऊन पाहिली, एकदा दोन कमानी एकदमच मागवून ठेवल्या. सगळ्या मोडल्या. मात्र मोडलेले तुकडे त्यांनी एका औषधाच्या बाटलीत जपून ठेवले होते, आणि ते त्यांनी बरोबर आणले होते.

तुकडे पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कमानी, पण सगळ्या एकाच उंचीवर तुटलेल्या, आणि त्या जागी प्रत्येक पट्टीवर एक आडवी चकचकीत रेघ. मग कमानी बाजूला ठेवल्या आणि फ्रेममध्ये ज्या खाचेत ही पट्टी घासत वर-खाली होते त्या खाचेत दिवा मारून भिंगातून पाहिलं. खाचेच्या तोंडाशी कारखान्यात मारलेल्या कटरची बर तशीच राहिली होती. नखाला लागेल एवढी धार. घोडा प्रत्येक वेळी ओढला की पट्टी त्या धारेवरून वाकत जायची. बारीक दगडाने ती कड गोल केली, खाचेच्या आतल्या आडव्या रेघा उभ्या दिशेने घासून काढल्या, आणि मास्तरांकडच्या साठ्यातली सगळ्यात स्वस्त कमान बसवली. ती अजून चालू आहे.

भोसरीतला आमचा फोरमन याच गोष्टीवर ओरडायचा. प्रेस टूलमधला बारीक पंच मोडला की आम्ही पोरं स्टोअरकडे धावायचो. तो मागून हाक मारायचा, ‘पंच नंतर. आधी डाय दाखव.’ पंच नव्याण्णव टक्के वेळा निर्दोष असायचा. डायशी त्याची मध्यरेषा जुळलेली नसायची, किंवा पत्रा धरणारी प्लेट झिजून तिरकी झालेली असायची, आणि त्या दोघांच्या भांडणात सगळ्यात बारीक असलेला पंच मोडायचा. त्या वेळी आम्हाला त्याचा राग यायचा, कारण नवा पंच बसवला की मशीन लगेच चालू व्हायचं आणि डाय उघडायला अर्धी शिफ्ट जायची. शिफ्टचं उत्पादन त्यालाही दाखवायचं असे, तरी तो डायच उघडायचा.

हँडच्या सगळ्याच कमानी मास्तरांच्या कमानींसारख्या मधोमध तुटत नाहीत. काही अगदी मुळाशी, हँडच्या चिरेत पट्टी ठोकून घट्ट करतात तिथे तुटतात. तिथे छिन्नीच्या ठोक्याचा वण राहिलेला असतो, आणि भेग त्या वणातूनच सुरू होते. काही वेळा मालकाने ‘जोर कमी वाटतो’ म्हणून पट्टीला हाताने जास्त बाक दिलेला असतो. हा प्रकार फार आढळतो. खरं तर हँडला दात्यावर टेकायला अगदी थोडा रेटा पुरतो, पण जोर वाढवला म्हणजे भरवसा वाढला असं मानणारे लोक सगळ्या देशांत आहेत. तेव्हा भाग हातात आला की कुठला तुटला हे मी नंतर बघतो, आधी तो नेमका कुठे तुटला ते पाहतो. मधे तुटला तर शेजारी कोण घासतंय ते शोधायचं. मुळाशी तुटला तर तो बसवला कसा होता ते तपासायचं.

तुटलेला काठ वाचायला शिकणं हे या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण. एकदम जास्त ताण येऊन मोडलेल्या पोलादाचा काठ सगळीकडे सारखा, खडबडीत, दाणेदार असतो. पण थकून तुटलेल्या भागाच्या काठावर दोन प्रदेश दिसतात. एका कडेला गुळगुळीत, जवळजवळ घासून काढल्यासारखा भाग, त्यावर कधी कधी एकामागे एक कमानदार रेघा, आणि उरलेला भाग दाणेदार. गुळगुळीत भागात भेग हळूहळू पुढे सरकत होती, आणि तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर आपटत होत्या. दाणेदार भाग शेवटच्या दिवसाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऑगस्ट व्होलर नावाच्या प्रशियन रेल्वे इंजिनिअरने आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात कधीच मोडणार नाही एवढ्या भाराखालीसुद्धा, तो भार पुन्हा पुन्हा आला की पोलाद तुटतं. भार किती याच्याइतकंच तो किती वेळा आला हे महत्त्वाचं, आणि पृष्ठभागावरचा ओरखडा, भोक किंवा तीक्ष्ण कोपरा असेल तर तिथूनच सुरुवात. कोल्टचं रिव्हॉल्वर बाजारात आलं तेव्हा हे ज्ञान अगदी ताजं होतं.

‘किती वेळा’ या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणीच सरळ देत नाही. ‘मी महिन्यातून एकदाच मारतो हो,’ एक गृहस्थ तक्रारीच्या सुरात म्हणत होते. एका स्पर्धेत एका रिव्हॉल्वरमधून तीसेक गोळ्या सुटतात. या हिशेबाने त्यांची कमान कित्येक वर्षं टिकायला हवी होती. त्यांच्या पत्नी बरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, रोज रात्री टीव्हीसमोर बसून टकटक चालू असते ती कोण करतं? गृहस्थ खोटी काडतुसं घालून रोज दोनेकशे वेळा घोडा ओढून सराव करत होते. कमानीला गोळी खरी की खोटी हे कळत नाही, ती प्रत्येक वेळी तेवढीच वाकते. एका संध्याकाळी सहा-सात स्पर्धांइतकं काम तिच्याकडून करून घेतलं जात होतं. त्या जोडप्याची दुरुस्ती मी केलीच नाही. कमान बदलणं त्यांचं त्यांना शिकवलं आणि सरावासाठी एक जुनं रिव्हॉल्वर वेगळं ठेवायला सांगितलं.

बोल्टची कथा जरा गुंतागुंतीची आहे. घोडा मागे ओढताना जाणकार कानाला चार टिक ऐकू येतात. पहिली सुरक्षेच्या खाचेची. दुसरी अर्ध्या घोड्याची, त्या स्थितीत सिलिंडर मोकळा फिरतो आणि काडतुसं भरता येतात. तिसरी टिक बोल्ट सुटून सिलिंडरवर टेकल्याची, आणि चौथी घोडा पूर्ण चढल्याची. बोल्टला दोन पाय असतात. त्यातला एक घोड्याच्या बाजूला असलेल्या छोट्या उंचवट्यावर चढतो, त्यामुळे बोल्टचं डोकं खाली ओढलं जातं आणि सिलिंडर सुटतो. गोळी सुटताना घोडा खाली येतो तेव्हा तोच उंचवटा त्या पायाला बाजूला दाबून पुन्हा त्याच्याखाली जाऊन बसतो. म्हणजे प्रत्येक गोळीला तो पाय एकदा आडवा वाकतो. तो स्वतःच एक कमान आहे, पण त्याला कमान कुणी म्हणत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही जात नाही. उंचवट्याची उतरण खरखरीत असेल, पाय गरजेपेक्षा जाड असेल, किंवा दोन पायांमधल्या चिरेचा तळ गोल नसून टोकदार असेल, तर तो मोडतो. बोल्टला वर ढकलणाऱ्या दोन शाखांच्या कमानीचंही तेच. तिच्या शाखा जिथे वेगळ्या होतात त्या कोपऱ्यात भेग पडते. बारीक गोल कानशीने तो कोपरा उघडून गोल करायचा आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासायचं. आडवं घासलं तर प्रत्येक रेघ म्हणजे भेगेला दिलेलं आमंत्रण.

वेगाने मारणाऱ्यांचा बोल्ट आणखी एका कारणाने त्रास देतो. घोडा झटक्यात ओढला की जड सिलिंडर वेग घेतो आणि त्याला अचानक थांबवायचं काम बोल्टच्या इवल्याशा डोक्यावर येतं. सिलिंडरवरच्या खाचांच्या कडा ठोकून ठोकून उमलतात. सिनेमात दुसऱ्या हाताच्या तळव्याने घोडा सपासप मागे मारतात ना, त्याने रिव्हॉल्वरची जी दशा होते ती मी टेबलावर पाहिली आहे. तसं करणाऱ्या एका तरुणाला मी सांगितलं, बोल्ट बदलून देतो, पण मनगट मला बदलता येणार नाही. तो हसला. पुन्हा आला नाही. बोल्ट टिकला की त्याने दुसरा कुणी माणूस शोधला, कोण जाणे.

अ‍ॅरिझोनातली धूळ हा वेगळा विषय. जुलै ते सप्टेंबरच्या वादळांत ती घराच्या बंद दारातून आत येते, मग घोड्याच्या फटीतून का येणार नाही? लोक रिव्हॉल्वरला तेलाने न्हाऊ घालतात. तेलात धूळ बसली की त्याची घासायची पेस्ट होते. उंचवट्यावर टाचणीच्या टोकाएवढं ग्रीस आणि बाकी जवळपास कोरडं, हा इथल्या हवेला मानवणारा प्रकार आहे. काळी दारू वापरणाऱ्या हौशी मंडळींचं दुखणं याच्या उलट. त्या दारूची राख हवेतली ओल धरते. रिव्हॉल्वर न धुता ठेवलं की कमानीवर गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात आणि थकव्याची भेग त्या खड्ड्यातून चालू लागते. अशी कमान वरून शाबूत दिसते. पुसून भिंगाखाली धरली की तिच्यावर देवीचे व्रण दिसतात.

बाजारची कमान जुन्या नमुन्याला बसत नाही तेव्हा ती घरी करावी लागते. पोलादी पट्टी कापून, कानशीने आकार देऊन, आधी आरशासारखी घासायची. मग छोट्या भट्टीत ८०० अंशांच्या आसपास लाल करून तेलात बुडवून पाणी पाजायचं. मी शेंगदाण्याचं तेल कोमट करून वापरतो. पहिल्यांदा बाटली स्वयंपाकघरातून उचलली तेव्हा घरात बरीच चर्चा झाली, आता माझी बाटली वेगळी आहे. या टप्प्यावर पट्टी काचेसारखी ठिसूळ असते. ती पुन्हा घासून चकचकीत करायची आणि हळू तापवत रंग बघायचा. फिकट पिवळा, गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, मग निळा. ३०० अंशांच्या जवळपास निळा रंग सगळीकडे सारखा आला की थांबायचं. पिवळ्यावर थांबलात तर कमान मोडेल, निळ्याच्या फार पुढे गेलात तर वाकेल आणि वाकलेलीच राहील. रंग पट्टीच्या बारीक टोकाकडून पळत सुटतो, म्हणून मी ती पितळेच्या जाड तुकड्यावर ठेवतो आणि आच पितळेला देतो. उजेड नेहमी एकच हवा. दुपारच्या वाळवंटी उन्हात निळा रंग राखाडी दिसतो.

हे सगळे उपद्व्याप कशाला, गोल तारेची कमान का घालत नाहीस, असं मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९५३ साली रुगर कंपनीने आपलं सिंगल-सिक्स काढलं तेव्हा बाहेरून जुन्या वेस्टर्नचा चेहरा तसाच ठेवून आतल्या पट्ट्या काढल्या आणि पियानोच्या तारेच्या जातीच्या पोलादाच्या वेटोळ्या कमानी बसवल्या. वेटोळ्यात ताण सगळ्या लांबीभर वाटला जातो, एका कोपऱ्यावर साठत नाही. त्या तुटल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. कोल्टच्या नमुन्यातही हँडसाठी वेटोळी कमान बसवता येते, पण त्यासाठी फ्रेममध्ये मागून भोक पाडावं लागतं. स्पर्धेत रोज राबणाऱ्या नव्या नकलेत मी ते बिनदिक्कत पाडतो. बोल्टच्या कमानीला तर भोकही लागत नाही, वाकवलेल्या तारेची कमान त्याच स्क्रूवर बसते. जुनं ते सोनं म्हणत स्पर्धेत पाट्या गमावणाऱ्यांची मला कीव येते.

पण एका कुटुंबाचं रिव्हॉल्वर आलं तेव्हा मी ड्रिलला हात लावला नाही. ते खरं जुनं कोल्ट होतं. १९४० च्या सुमारास बंद पडेपर्यंत कंपनीने अशी साडेतीन लाखांहून अधिक बनवली, आणि टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांनी मागणी वाढवली तेव्हा १९५६ मध्ये पुन्हा सुरू केली. हे पहिल्या काळातलं होतं. नळी साडेपाच इंची, आणि प्रत्येक भागावरचा क्रमांक वेगळा. नातवाला वाटत होतं की आजोबांना कुणीतरी तुकडे जोडून फसवलं. फसवणूक वगैरे काही नव्हती. सैन्याने १८९० च्या दशकात आपली साडेसात इंची रिव्हॉल्वरं परत मागवून सरकारी कारखान्यात नळ्या आखूड केल्या, आणि ती खोलून पुन्हा जोडताना कुणाचा चाप कुणाला गेला याची फिकीर केली नाही. तेव्हा हाताने जुळवून घासलेले भाग परक्या फ्रेममध्ये गेले. त्या रिव्हॉल्वरची हँडची कमान का तुटत होती याचं मूळ तिथे होतं. हँड आधीच्या फ्रेमच्या मापाने घासलेला होता, म्हणून पट्टी गरजेपेक्षा जास्त दाबली जात होती. मी पट्टी पातळ केली, बाक कमी केला, आणि नातवाला सांगितलं की वर्षातून एखाददुसऱ्या वेळी मारा आणि तुटली तर घेऊन या. तुटणारच. त्या वस्तूला भोक पाडून तुटणं थांबवण्यापेक्षा मला अधूनमधून एक पट्टी करणं परवडतं.

त्याला एक जुनी युक्तीही दाखवली. हँडची कमान मोडली तरी नळीचं तोंड समोरच्या जमिनीकडे झुकवून घोडा ओढला, तर हँड स्वतःच्या वजनाने पुढे पडतो आणि दाता पकडतो. सिलिंडर फिरतो. गावोगावी सुट्या भागांची दुकानं नव्हती त्या काळात हे यंत्र लोकांनी एवढं का जपलं असेल याचा थोडा अंदाज येतो. अर्धं मोडलेलं असतानाही ते काम सोडत नाही.

हा सद्गुणच कधी कधी घातक ठरतो. एका वयस्कर माणसाच्या रिव्हॉल्वरमध्ये चापाचं टोक वारंवार तुटत होतं. चापाचं हे टोक घोड्याच्या खाचांत अडकतं. पहिली खाच सुरक्षेची असं नाव आहे, पण ती खाच आणि ते टोक दोन्ही इतकी नाजूक असतात की घोड्यावर जोराचा फटका बसला तर ती मोडून घोडा काडतुसावर आपटू शकतो. म्हणून सहा घरांत पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा, हा रिवाज. आमच्या स्पर्धांत त्याला अपवाद नाही. हे गृहस्थ मात्र घरी सहा भरून, सुरक्षेच्या खाचेवर विसंबून, रिव्हॉल्वर उशाशी ठेवत. टोक का तुटत होतं ते उघड होतं. घोड्याची पूर्ण चढण्याची खाचही कुणीतरी चाप हलका व्हावा म्हणून घासून जवळपास सपाट केली होती. मी नवा चाप बसवू शकलो असतो. रिव्हॉल्वर चाललंही असतं. मी त्यांना ते खोललेल्या अवस्थेत पिशवीत घालून दिलं आणि घोडा व चाप दोन्ही नवे आणल्याशिवाय जोडणार नाही म्हणालो. ते रागावले. बरोबर आलेल्या मुलीने निघताना माझा हात हातात घेतला. पुढे ते रिव्हॉल्वर कुठे गेलं, मला माहीत नाही.

अशा दिवशी मला या छंदाचं ओझं वाटतं. या देशात शाळेतल्या गोळीबाराची बातमी आली की मी आठवडाभर गॅरेज उघडत नाही. त्याने काही साधत नाही हे मला कळतं. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी अर्धवट हसत विचारतं, काय, अजून बंदुका? माझ्याजवळ त्याला ठोक उत्तर नाही. ही रिव्हॉल्वरं त्या बातम्यांत नसतात हे खरं, पण ते म्हणून दाखवायला जीभ वळत नाही. खंडेनवमीला मी मायक्रोमीटर, कानशी आणि भोसरीहून आणलेला गुण्या पाटावर मांडून झेंडू वाहतो. पहिल्या वर्षी रिव्हॉल्वरही मांडावं का असा प्रश्न निघाला. बायको म्हणाली, ज्याने काही घडवलं नाही ते पाटावर नको. त्यावर वाद घालावा असं मला वाटलं नाही.

सध्या टेबलावर एक जोडी आहे. दोन्ही रिव्हॉल्वरं एकाच कंपनीची, एकाच खोक्यातून आलेली. मालक दोन्ही हातांनी मारणारा, उजवं उजव्याने आणि डावं डाव्याने. डाव्या रिव्हॉल्वरच्या बोल्टचा पाय मोडतो, उजव्याचा कधीच नाही. बोल्ट अदलाबदल करून पाहिले. मोडणं डाव्यातच राहिलं, म्हणजे बोल्टची जात सुटली. उंचवट्याची उतरण दोन्हीकडे सारखी. कमानीचा जोर तराजूवर मोजला, तोही सारखा. मोडलेल्या पायांच्या काठावर गुळगुळीत भाग नेहमी एकाच कडेला, म्हणजे पाय सरळ न वाकता पिळवटून वाकतो आहे. मालकाला शेजारी बसवून रिकामं रिव्हॉल्वर चढवायला सांगितलं. डावा अंगठा घोड्याला मागे ओढताना किंचित बाहेरही ओढतो. घोड्याच्या स्क्रूचं भोक मापलं, तर ते अंडाकृती झालं होतं. घोडा कलतो आणि उंचवटा पायावर तिरका चढतो.

मालकाला अंगठ्याची सवय मोडायला सांगून बघितलं. त्याचं वय सत्तरीपलीकडचं, आणि अंगठ्यात संधिवात, म्हणून तर तो तसा ओढतो. तेव्हा भोक रीमरने गोल करून जाड स्क्रू घालायचा असं ठरलं आहे. रीमर आला, स्क्रूचं पोलादही आलं, लेथवर तो वळायचा आहे. त्याला पाणी पाजावं का तसाच थोडा मऊ ठेवावा यावर आमचं एकमत होत नाही. मी मऊच्या बाजूचा आहे. पुढे काही झिजायचंच असेल तर काढून फेकता येईल असा स्क्रू झिजावा, फ्रेम नको. तो म्हणतो, मग स्क्रू दोन कर.

दोन करतो आहे.